तोवर शेजारीच

डोंबिवली, बोरिवली, पनवेल... इथल्या सोसायट्यांत सत्यनारायण होतो, कोजागरी होते, पार्किंगवरून भांडणं तर बारमाही. पण हॉलमध्ये सतरंजी अंथरून सीपीआरचा, म्हणजे छाती दाबून रक्ताभिसरण चालू ठेवण्याचा, वर्ग क्वचितच भरतो. हृदय थांबलं की चारेक मिनिटांत मेंदूला इजा होऊ लागते. संध्याकाळच्या गर्दीतून तेवढ्यात रुग्णवाहिका पोचणं कठीणच. तोवर शेजारीच कामी येणार.

माणूस हाकेला ओ देत नाही, श्वास नीट चालत नाही, असं दिसलं की एकाने 108 लावायचा. दुसऱ्याने छातीच्या मधोमध तळहाताची टाच ठेवून, कोपरं न वाकवता, पाच-सहा सेंटिमीटर खोल दाबायचं, मिनिटाला 100 ते 120 वेळा. प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यायची. सरावाच्या पुतळ्यावर नवखे लोक आधी गोंजारल्यासारखं दाबतात. जोर लावावा लागतो, हे तिथेच कळतं. दोन मिनिटांत भलेभले घामाघूम होतात, म्हणून दाबणारा माणूस बदलायचा. कांदा हुंगवणं, तोंडात पाणी ओतणं मात्र कटाक्षाने टाळा. बेशुद्ध माणसाच्या श्वासनलिकेत ते पाणी जाऊ शकतं.

सोसायटीच्या पुढच्या सभेत पार्किंगच्या आधी हा विषय घ्या. आणि वॉचमनकाकांनाही वर्गाला बसवा. हाक सगळ्यात आधी त्यांनाच जाते.