वाचलेला जीव आणि दुसरी शस्त्रक्रिया

‘जीव वाचला, हेच पुष्कळ झाले’ हे वाक्य आपल्या घराघरांतून मोठ्या सहजतेने उच्चारले जाते. त्यात देवाविषयी कृतज्ञता असते, हे खरे. परंतु कित्येकदा त्याच वाक्याने दुःख भोगणाऱ्याचे तोंडही बंद केले जाते. गेल्या पौषात मला ह्याचा प्रत्यय आला. तेव्हापासून जो प्रश्न मनात घोळत आहे तो वाचकांपुढे ठेवण्याचे धाडस करीत आहे. मी वैद्य नव्हे, शास्त्रीही नव्हे. शालान्त परीक्षेपर्यंत शिकून वडिलांच्या हाताखाली देवळात पडेल ते काम करणारा एक तरुण आहे. काही अधिकउणे लिहिले गेल्यास ज्येष्ठांनी सांभाळून घ्यावे.

नुमाइशीचे दिवस होते. त्या दिवसांत नामपल्लीत संध्याकाळी पाय ठेवण्यास जागा नसते. ती सर्व गर्दी ओसरल्यावर, शेजारतीच्या सुमारास, एक वयस्क भगिनी मुखावर पदर ओढून दर्शनास येत. स्वयंपाक करताना भाजून त्यांचे मुख विद्रूप झाले होते. एका रुग्णालयात मांडीची त्वचा लावून जखमा झाकण्यात आल्या व प्राण वाचले. पुढे ती त्वचा आकसत गेली. खालची पापणी ओढली जाऊन डोळा मिटेनासा झाला आणि ओठ पुरते जुळेनात. मी दिलेले तीर्थ त्यांच्या ओठांच्या कडेने ओघळून जाई. डॉक्टरांनी दुसरी शस्त्रक्रिया सुचविली होती. घरच्यांचे म्हणणे असे की, जीव वाचला, आता ह्या वयात रूपाचा हव्यास कशाला? एके रात्री त्यांनी माझ्या वडिलांना विचारले, “गुरुजी, मी पुन्हा शस्त्रक्रिया मागते, हा माझा लोभ का?”

वडिलांनी तत्काळ उत्तर दिले नाही. मी तर मान खाली घालूनच उभा होतो. आजवर त्यांच्या तळहातावर तीर्थ घालताना मी एकदाही त्यांच्या मुखाकडे पाहिले नव्हते, आणि ह्यालाच मी सभ्यपणा समजत होतो.

प्रश्न साधा नाही. देह म्हणजे वस्त्र, आज ना उद्या टाकावयाचे, असे आपण कीर्तनांतून ऐकत आलो आहोत. मग त्या वस्त्राच्या चुणीसाठी पुन्हा यातना, पुन्हा खर्च, पुन्हा घरच्यांची धावपळ का? ह्याचा विचार करता मला आपल्याच मुलखातील सव्वादोनशे वर्षांहून जुनी एक हकीकत उपयोगी पडली.

१७९२ साली टिपू सुलतानाविरुद्ध इंग्रज, पेशवे व आपल्या हैदराबादचा निजाम ह्यांची संयुक्त मोहीम चालू होती. इंग्रजांच्या फौजेत कावसजी नावाचा एक मराठा शेतकरी बैल हाकण्याच्या कामावर होता. तो टिपूच्या सैन्याच्या हाती सापडला व त्याचे नाक आणि एक हात कापण्यात आला. वर्षाहून अधिक काळ तो नाकावाचून राहिला. नंतर पुण्याजवळच्या, विटा भाजणाऱ्या जातीतील एका कारागिराने त्याला नवे नाक बसवून दिले. ही हकीकत लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’ ह्या मासिकात ऑक्टोबर १७९४ मध्ये छापून आली आणि त्या पद्धतीच्या आधारे पुढे १८१४ साली जोसेफ कार्प्यू ह्या शल्यवैद्याने इंग्लंडात तशी शस्त्रक्रिया केली. कावसजीचे नाव राहिले. त्या कारागिराचे नाव मात्र वृत्तान्तात नाही.

कृती अशी होती. मेणाचे पातळ नाक करून ते तुटल्या जागी बसवून पाहावयाचे. मग ते सपाट करून कपाळावर ठेवावयाचे व त्याभोवती रेघ ओढावयाची. तेवढी त्वचा सोडवून घ्यावयाची, परंतु दोन्ही डोळ्यांच्या मधोमध एक पट्टी जोडलेली ठेवावयाची, म्हणजे रक्त वाहत राहते. ती त्वचा फिरवून खाली आणावयाची व काथात भिजविलेल्या कापडाच्या पट्ट्यांनी सांधा धरून ठेवावयाचा. चार दिवसांनंतर तुपात भिजविलेली फडकी लावावयाची. काथ आणि तूप! आपल्या घरांतलीच द्रव्ये ही.

येथवरची गोष्ट पुष्कळांस ठाऊक असेल. मला महत्त्वाची वाटते ती ह्यापुढची. सुमारे पंचविसाव्या दिवशी ती जोडपट्टी कापावी लागे आणि नाक ठीक दिसावे म्हणून त्या वेळी पुन्हा थोडे शस्त्र चालवावे लागे. क्लोरोफॉर्मचा उपयोग १८४७ मध्ये सुरू झाला. म्हणजे भूल देण्याचे ते साधन त्या काळी नव्हते. तरीही माणसे दुसऱ्यांदा शस्त्राखाली बसत. कारागीर त्याला निराळे काम समजत नसे. पहिल्या दिवशी आरंभिलेले कार्य त्या दिवशी पुरे होई.

सुश्रुतसंहितेतही हाच क्रम आहे. गालाच्या त्वचेने नाक सांधण्याचा विधी सांगून झाल्यावर आचार्य थांबत नाहीत. सांधा भरून आल्यावर उरलेला भाग पुन्हा छेदावा, नाक उणे पडल्यास वाढविण्याचा यत्न करावा, मांस अधिक वाढल्यास ते सम करावे, असेही ते सांगतात.

आता आपल्या काळाकडे पाहू. २००५ साली फ्रान्समधील आमिएं येथे, कुत्र्याने मुख फाडलेल्या इझाबेल दिनुआर ह्या स्त्रीला मृत व्यक्तीचे नाक, ओठ व हनुवटी जोडण्यात आली. जगातील ते पहिले अंशतः मुखरोपण. तेव्हापासून जगात अशी सुमारे ५० रोपणे झाली आहेत आणि त्यांच्यामागून बहुधा आणखी शस्त्रक्रिया कराव्या लागतात. कारण उघड आहे. तुटलेल्या मज्जातंतू दिवसाला जेमतेम एक मिलिमीटर वाढतात. सूज उतरण्यास महिने लागतात. त्यानंतर अधिकची त्वचा लोंबू लागते, पापण्या नीट कराव्या लागतात, जबड्याचा सांधा जुळवावा लागतो. पहिल्या दिवशी हे कोणासही दिसू शकत नाही. म्हणून दुसरी शस्त्रक्रिया हे पहिलीचे अपयशही नव्हे आणि रुग्णाचा हव्यासही नव्हे.

धोका नाही असे मात्र कोणी समजू नये. परक्याचे मुख शरीराने नाकारू नये म्हणून जन्मभर औषधे घ्यावी लागतात व त्यांनी रोगप्रतिकारशक्ती क्षीण होते. दिनुआरचे २०१६ मध्ये निधन झाले. जेरोम आमाँ ह्या फ्रेंच गृहस्थाचे २०१० साली लावलेले मुख पुढे शरीराने नाकारले. ते काढून २०१८ च्या जानेवारीत दुसरे लावीपर्यंत तो रुग्णालयात मुखावाचून पडून होता. इतके सोसावे की न सोसावे, हे कोण ठरविणार? माझ्या मते ज्याला सोसावयाचे आहे त्यानेच. डॉक्टरांनी धोका सांगावा, घरच्यांनी शक्ती सांगावी. परंतु ‘तुला हे हवे असणेच गैर आहे’ असे म्हणण्याचा अधिकार कोणासही नाही.

देह वस्त्र आहे हे मान्य. पण फाटलेले उपरणे आपण शिवून घेतोच. वैराग्य हे स्वतः घ्यावयाचे व्रत आहे, दुसऱ्याच्या गळ्यात बांधावयाचे नव्हे. जन्मतः धडधाकट असलेल्या मुखाला अधिक सुंदर करण्याचा सोस ही गोष्ट निराळी. तिथे लोभाचा विचार अवश्य करावा. परंतु डोळा मिटून निजता यावे, घास तोंडात राहावा, शब्द स्पष्ट उमटावा आणि चारचौघांत पदर न ओढता उभे राहता यावे, एवढेच जो मागतो, तो माणसांत परत येण्याची वाट मागत असतो.

वडिलांनी त्या रात्री अखेरीस एवढेच म्हटले, “ताई, अर्धे राहिलेले काम पुरे करण्याला लोभ म्हणत नाहीत.” दुसऱ्या दिवशी ते त्यांच्या घरी जाऊन मुलाशी बोलले. आषाढात शस्त्रक्रिया झाली. मुख पूर्वीसारखे झाले नाही, होणारही नव्हते. पण डोळा आता मिटतो व तीर्थ ओघळत नाही.

त्या अजूनही गर्दी ओसरल्यावरच येतात. ह्यावर मात्र कोणत्याही शल्यवैद्याचा इलाज नाही. ते काम आपणा सर्वांचे आहे. मी माझ्यापुरते आरंभिले आहे. तीर्थ देताना मी आता त्यांच्या मुखाकडे पाहून “ताई, बऱ्या आहात ना?” असे विचारतो. पहिल्या दिवशी त्या दचकल्या. आता उत्तर देतात.