पंगतीतला प्रपंच

वारीच्या वाटेवर दिंडीची पंगत बसली म्हणजे वाढप्यावर एकच बंधन असते : पंक्तिप्रपंच करावयाचा नाही. आपल्या गावच्याला तूप आणि परक्याला कोरडी भाकर, हे तिथे चालत नाही. हाच न्याय सरकारी शाळेला लावून पाहू.

येथे पूर्वपक्ष असा की, दर मुलामागे सारखा पैसा दिला म्हणजे समता झाली. ऐकावयास गोड आहे. पण पंगतीत सारखे वाढणे म्हणजे मोजून वाढणे नव्हे, भूक भागेपर्यंत वाढणे. डोंगरातल्या वाडीवर बारा मुले. डोईवारी हिशेब केला तर त्यांच्या वाट्याला अर्धा गुरुजी येतो, आणि अर्धा गुरुजी मिळायचा कुठे? २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने ही अडचण ओळखली. पहिली ते पाचवीला साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक त्याने सांगितले. महाराष्ट्राच्या नियमांत तर ही शाळा एक किलोमीटरच्या आत हवी. तरी २०२३ साली वीसांहून कमी पटाच्या शाळा मिळवून समूहशाळा करण्याचे प्रस्ताव शासनाने मागविलेच! मोठी शाळा चांगली होईल, गाडी देऊ, म्हणतात. होईलही बापडी. पण श्रावणात ओढा भरला नि गाडी आली नाही, तर सात वर्षांच्या पोरीने काय करावे? घरी बसते ती आधी पोरगीच.

बरे, हा पैसा म्हणजे सरकारचे दान काय? दान आणि ऋण यांत शास्त्राने भेद केला आहे. जोतीराव फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे हेच मांडले : महसूल शेतकऱ्याच्या घामाचा, आणि खर्च वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर. आजही मजुरीणबाई साबणाची वडी घेते तेव्हा कर भरते. तेव्हा हे ऋणच, आणि थकलेले. राष्ट्रीय उत्पन्नाचे सहा टक्के शिक्षणाला द्यावेत असे कोठारी आयोगाने १९६६ साली सांगितले. १९६८, १९८६ आणि २०२० च्या धोरणांनी तेच म्हटले. शेवटच्याने तर अजून गाठले नाही अशी कबुलीही दिली.

कोणी म्हणेल, गावाने वर्गणी काढावी. काढावी की! कळसाला निघते, तशी कौलांनाही निघावी. पण निम्मे गाव ऊसतोडीला गेलेले असेल तिथे कोणी कोणाकडे मागायचे? वर्गणीच्या भरवशावर शाळा ठेवली की श्रीमंत गावची शाळा श्रीमंत, गरिबाची गरीब. पुन्हा पंक्तिप्रपंचच तो.

एक गोष्ट मात्र आपल्या हातची आहे. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सभासद पालक असतात. शाळेचा विकास आराखडा त्या समितीनेच करावयाचा आणि अनुदान त्याच्या आधारे द्यावयाचे, असे कायदा म्हणतो. वारीहून परतल्यावर आपल्या गावचा आराखडा कोणी लिहिला, त्यात काय मागितले, एवढे तरी विचारून या.