ध्यासाचे गहाणखत

कृष्णेच्या काठी वाळवे तालुक्यात रेठरे हरणाक्ष नावाचे गाव आहे. आज ते सांगली जिल्ह्यात मोडते. १८६६ साली श्रीधर बाळकृष्ण कुलकर्णी तिथे जन्माला आले तेव्हा ते सातारा जिल्ह्यात होते. जिल्ह्यांच्या सीमा कागदावर सरकत राहतात, नदीला त्याची दखल नसते, आणि गावाची स्मृती या दोन्हींच्या मधे कुठेतरी नांदते. या गावच्या कुलकर्ण्याचा मुलगा वतनावर पाणी सोडून तमाशाच्या फडात गेला आणि पठ्ठे बापूराव झाला, ही गोष्ट त्या स्मृतीने इतक्या वेळा सांगितली आहे की तिच्यातला मूळ धक्का आता आपल्याला जाणवतही नाही. तो जाणवून घ्यायचा तर कुलकर्ण्याचे दप्तर क्षणभर डोळ्यांसमोर आणावे लागते: लाल फडक्यात बांधलेले रुमाल, बोरूची लेखणी, कुणाची जमीन किती, कुणाचा सारा थकला, कुणाच्या बांधावरून कुणाचे भांडण. गावातील प्रत्येक माणसाचे स्थान ज्या कागदांवर ठरलेले असते ते कागद सांभाळणारा माणूसच आपले स्थान सोडून उठला, आणि उठून गेला तो ढोलकी-तुणतुण्याच्या आवाजाकडे, ज्यांना गावकुसाबाहेर ठेवले होते त्यांच्या पंगतीला. जातीने त्यांना वाळीत टाकले यात नवल नाही. नवल असेल तर ते त्यांच्या निघून जाण्याचे, कारण त्या काळच्या माणसाला घराबाहेर पडणे म्हणजे केवळ घर सोडणे नव्हते; आपण कोण, या प्रश्नाचे तयार उत्तरच मागे ठेवून जाणे होते.

आज आपण ही कथा आवडीने सांगतो. मनाची हाक ऐकावी, आवडेल तेच करावे, समाजाची पर्वा करू नये, असा उपदेश ज्या व्यासपीठांवरून हल्ली सढळ हाताने वाटला जातो, त्यांना असे पूर्वज हवेच असतात. परंतु मला नेहमी वाटत आले आहे की आपण या माणसांकडे उलट्या दिशेने पाहतो. शाहीर म्हणून त्यांचे नाव झाले हे आपल्याला ठाऊक असते, आणि त्या ज्ञानाच्या उजेडात त्यांचे पहिले पाऊल आपोआप धैर्याचे दिसू लागते. रेठऱ्यातल्या ज्या माणसांनी त्या दिवशी कपाळाला हात लावला त्यांच्यापाशी हा उजेड नव्हता. त्यांना दिसत होता तो एक शिकलासवरलेला पोर, हातचे सोडून पळत्याच्या पाठी लागलेला. आणि शेवटाकडून पाहू म्हटले तर खरा शेवटही पाहावा लागतो: मुंबईची थिएटरे गाजवलेला हा शाहीर २२ डिसेंबर १९४५ रोजी पुण्यात गेला तो विपन्नावस्थेत. कपाळाला हात लावणाऱ्यांपैकी एखादा तोवर जिवंत असता, तर मी म्हणत नव्हतो का, एवढे तो नक्कीच म्हणाला असता. आणि त्याला काय उत्तर द्यावे हे मला सुचत नाही. लावणी उत्तर देईल, असे म्हणणे सोपे आहे. पण लावणीने म्हाताऱ्या शाहिराच्या चुलीत जळण घातले नाही.

त्या फडात त्यांच्या बरोबरीने उभी होती पवळा. संगमनेरजवळच्या हिवरगावची, महार समाजातली, रूप आणि गळा यांची ख्याती दूरवर पोचलेली. बापूरावांनी काय सोडले याची यादी सगळ्यांना पाठ असते: ब्राह्मण्य, वतन, गाव, गोत. पवळेने काय सोडले, हा प्रश्न विचारला जात नाही, कारण तिच्यापाशी सोडण्याजोगे असे काही होते हेच कुणाला सुचत नाही. नाचगाणे जिच्या समाजाच्या वाट्याला रूढीने टाकले होते तिने नाचावे यात लोकांना ध्यास दिसला नाही. दिसली ती जात. एकाच बोर्डावर, एकाच ढोलकीच्या ठेक्यावर, तीच लावणी. पण त्याची ती निवड आणि तिचे ते प्राक्तन. बापूरावांनी डॉ. आंबेडकरांच्या चळवळीसाठी आपल्या खेळातले पैसे देऊ केले आणि आंबेडकरांनी ते नाकारले, कारण ते आपल्याच समाजातल्या बायकांना नाचवून मिळवलेले होते, अशी एक आठवण सांगितली जाते. तिच्यात शाहिराच्या उदारतेवर शिंतोडा नाही. मात्र ध्यासाच्या जमाखर्चात कोणाचे नाव कुठल्या रकान्यात पडते हे तिच्याइतके स्वच्छ क्वचितच कुठे दिसते. आपली आवड ओळखा, असे सांगणारा मनुष्य नकळत गृहीत धरून चालतो की ऐकणाऱ्यापाशी नाकारण्यासारखे एखादे दप्तर आहे.

लोक काय म्हणतील, या वाक्याची आपण फार टिंगल केली आहे. आटपाडी, खानापूर, जत, माण, खटाव या पट्ट्यात हिंडताना ती टिंगल माझ्या ओठांवर येत नाही. जिथे पाऊस शब्दाला जागत नाही तिथे माणसे एकमेकांच्या शब्दावर जगतात. जे लोक म्हणणार असतात तेच लोक विहीर आटली की पाण्याची घागर देणार असतात, तेच तिरडीला खांदा देणार असतात, आणि तेच एखाद्या पोराला परगावी कामाला लावणार असतात. विट्याच्या आसपासच्या गावांतून गलाईवाले देशभर पसरले ते असेच. कुणाचा तरी चुलता केरळात होता, कुणाचा मामा तामिळनाडूत; दहावी झालेला किंवा न झालेला मुलगा त्यांच्या हाताखाली गेला, भट्टीसमोर बसला, मुशीत वितळणारे जुने दागिने आणि आम्लाचा घशात बसणारा धूर यांच्या सहवासात सोने शुद्ध करण्याची विद्या शिकला. त्याला कोणी आवड विचारली नव्हती. त्याने पाठवलेल्या पैशांतून गावाकडे स्लॅबचे घर उभे राहिले, बहिणीचे लग्न झाले, द्राक्षबाग लागली. साताऱ्याजवळ एक अपशिंगे आहे, ज्याच्या नावालाच मिलिटरी हा शब्द कायमचा चिकटला आहे; पिढ्यान् पिढ्या घरटी माणूस फौजेत गेल्यावर गावाचे नावही गणवेश चढवते. तिथल्या मुलाला सैनिक व्हावेसे वाटते ते त्याच्या मनातून, की उंबऱ्यावरच्या फोटोतून? मला वाटते हा भेद आपण समजतो तितका धारदार नाही. आपले मन म्हणजे तरी काय. ज्यांनी आपल्याला वाढवले त्यांच्या इच्छांचा तळाशी साचलेला गाळ, आणि त्यावर आपण लावलेली एखाद-दुसरी वेल.

मिरजेत सतारमेकर गल्लीतून जाताना हा विचार अधिकच गुंतागुंतीचा होतो. इथे ज्यांनी तंतुवाद्ये घडवायला आरंभ केला ते शिकलगार होते, शस्त्रांना धार लावणारे. संस्थाने मांडलिक झाली, तलवारी भिंतींवर टांगल्या गेल्या, धार लावायला कोणी येईना, तेव्हा एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर फरीदसाहेबांनी मोडलेल्या वाद्यांच्या दुरुस्तीला हात घातला, आणि त्या हातातून मिरजेचा तंबोरा जन्माला आला. आरंभी ती पोटाची सोय होती, अंतरीची हाक वगैरे काही नव्हती. ओढ मागाहून आली असावी. कदाचित मुलाच्या पिढीत, कदाचित नातवाच्या. पंढरपूरकडचे वाळवलेले भोपळे छताला टांगलेले, खाली लाकडाचा भुसा, आणि एक कारागीर घोडीवर कानस फिरवतो आहे: दोन हात घासायचे, तार बसवायची, छेडायची, कान लावायचा, पुन्हा तार उतरवायची. जवारी खुलेपर्यंत हे चालते, आणि ती खुलली हे सांगणारे कुठलेही माप नाही. ते त्याच्या कानालाच कळते. तो कान वडिलांच्या धाकाने तयार झाला की प्रेमाने, हे आता वेगळे काढता येणार नाही. विष्णु दिगंबर पलुस्करांची कथाही याच गावातून जाते. फटाक्याने दृष्टी अधू झाली, शाळेचे शिक्षण खुंटले, म्हणून कुरुंदवाडचा तो मुलगा मिरजेला बाळकृष्णबुवांकडे गाणे शिकायला आला. १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढणाऱ्या या पुरुषाच्या आयुष्याचे सूत्र एका अपघाताने आणि वडीलधाऱ्यांच्या निर्णयाने हाती आले होते. आधी आवड, मग मार्ग, हा क्रम पुस्तकांतून बरा दिसतो. आयुष्यात पुष्कळदा हात आधी कामाला लागतो आणि मन त्याच्या मागून, थोडे कुरकुरत, येते.

याच गल्लीत आज उलटा प्रसंगही घडतो, आणि तो मला हसवतो व बेचैनही करतो. बाहेरून येणारा गायक ज्या घराकडे भक्तिभावाने पाहतो त्या घरातल्या मुलाला महिन्याच्या महिन्याला पगार देणारी नोकरी हवी असते. भुसा नको, वार्निशचा वास नको. त्याच्यावर दडपण आहे ते कलेचे, आणि त्याचे बंड आहे ते भविष्यनिर्वाह निधीसाठी. मनाची हाक ऐक असे त्याला सांगणार असाल, तर ती हाक एखाद्या कारखान्याच्या भोंग्यासारखी ऐकू येण्याची शक्यता मान्य करावी लागेल.

तुकोबांनी कर्जाची खते इंद्रायणीत बुडवली हे आपण सगळे जाणतो. परंपरा आणखी एक तपशील सांगते, आणि तो मला बुडवण्याहून मोठा वाटतो: खतांचे आधी दोन वाटे झाले, धाकट्या कान्होबाचा अर्धा वाटा त्याच्या हाती गेला, आणि मग तुकोबांनी आपल्याच अर्ध्यावर पाणी सोडले. विरक्तीच्या ऐन शिखरावरही त्या माणसाला हिशेब ठाऊक होता. भावाच्या भाकरीवर त्याने आपले वैराग्य उभे केले नाही. जिजाईच्या भाकरीचे काय, हे मात्र त्या वाटणीत आले नाही.

गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांची गोष्ट मी या तपशिलाशेजारी ठेवतो. कऱ्हाडजवळच्या या गावात वडीलही कुस्तीगीर, तेव्हा लाल मातीचा नाद हा घरचाच होता. आडवा आला तो पैसा. १९५२ साली हेलसिंकीला जायचे तर खर्च आपला आपण उभा करायचा होता. गावोगाव झोळी फिरली, आणि कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य बाळासाहेब खर्डेकर यांनी आपल्या विद्यार्थ्यासाठी राहते घर गहाण टाकून सात हजार रुपये दिले. शिष्याच्या नादापायी गुरूने स्वतःचे छप्पर सावकाराच्या हवाली केले. त्या घरात त्या रात्री काय बोलणे झाले असेल याची मी अनेकदा कल्पना करतो. खाशाबा कांस्यपदक घेऊन आले, स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक, आणि कऱ्हाडहून शंभराहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. हे सगळ्यांना ठाऊक आहे. मिरवणुकीनंतरचे कमी सांगितले जाते: या पठ्ठ्याने कोल्हापुरात कुस्त्यांचे फड भरवले, स्वतः लढला, आणि त्या उत्पन्नातून खर्डेकरांचे घर सोडवले. मला पदकापेक्षा त्या कुस्त्या अधिक लोभस वाटतात. हेलसिंकीत तो स्वतःच्या आणि देशाच्या नावाने लढला. इथे तो गहाणखतावरच्या दुसऱ्याच्या सहीसाठी लढला. पुढे पोलीस खात्यात अनेक वर्षे नोकरी, १९८४ साली रस्त्यावरच्या अपघातात मृत्यू, आणि अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर. बैलगाड्या जुंपणाऱ्या समाजाला पाठीवर थाप मारता येते. जामीन राहायला मात्र एक प्राचार्यच पुढे आला.

आणि साताऱ्यातल्या लक्ष्मीबाई. नांगर विकण्यासाठी गावोगाव फिरणारे भाऊराव पाटील कारखानदारीची बरी वाट सोडून रयतेच्या पोरांना शिकवण्याच्या वेडाने झपाटले, १९१९ साली काले येथे रयत शिक्षण संस्था निघाली, १९२४ साली साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांचे वसतिगृह. वेड भाऊरावांचे, दळण, कांडण आणि भाकरी लक्ष्मीबाईंच्या वाट्याची. जैन घरातल्या सोवळ्याओवळ्यात वाढलेली ही बाई ज्या मुलांच्या सावलीचा विटाळ मानायला शिकली होती, त्यांनाच पंगतीत वाढू लागली. धान्य संपले तसे अंगावरचे एकेक सोने गेले, आणि एका दिवशी, पोरे उपाशी राहू नयेत म्हणून, मंगळसूत्रही. १९३० साली त्या गेल्या, संस्थेचा वटवृक्ष अजून रोपट्याच्याच अवस्थेत असताना. त्यांच्या त्यागाचे गोडवे आता शाळाशाळांतून गायले जातात, आणि त्यात खोटे काही नाही; तरी त्याग हा शब्द उच्चारला की माझे मन थोडे अडखळते, कारण त्या शब्दाआड बाईची स्वतःची इच्छा बेमालूम झाकली जाते. पतीच्या ध्यासाची ओझेकरी म्हणून त्यांनी तो दागिना उतरवला असेल, हे शक्य आहे. पण रोज संध्याकाळी ताटे मांडताना, कुणाला कोरड्यास कमी पडले आणि कोण घरच्या आठवणीने जेवत नाही हे पाहता पाहता, ती मुले केव्हातरी भाऊरावांच्या संस्थेची न राहता त्यांची झाली असतील. आणि मग त्या दिवशी पेढीवर गेले ते मंगळसूत्र नवऱ्याच्या खात्यावर नव्हे, त्यांच्या स्वतःच्या खात्यावर मांडायला हवे.