द्या इकडे!

घरातल्या सत्तरीच्या माणसाला स्मार्टफोन शिकवायचा कार्यक्रम बहुतेक घरांत एकाच साच्यातला असतो. ते विचारतात, "अरे, हा फोटो ताईला पाठवायचा कसा?" आपण म्हणतो, "द्या इकडे." आपला अंगठा काचेवर तीन-चारदा सरकतो, फोटो जातो आणि वर शेरा, "झालं. सोपं तर आहे." त्यांना दिसलेला असतो फक्त आपला अंगठा. पुढच्या आठवड्यात तोच प्रश्न आला की आपला आवाज किंचित चढतो, "मागे दाखवलं होतं ना!" त्यानंतर ते विचारत नाहीत. मग आपणच पाहुण्यांना सांगतो, बाबांना त्यात रसच नाही.

रस असतो हो. भीती असते, आणि ती उगीच आलेली नसते. ट्रंक कॉल लावून तासन्‌तास वाट पाहिलेली ही माणसं. एसटीडी बूथच्या काचेच्या खोक्यात मीटरवरचे लाल आकडे पळताना बघत त्यांनी लेकीची ख्यालीखुशाली विचारली आहे. यंत्राचं बटण दाबलं की पैसे पडतात, चुकीचं दाबलं की दुरुस्तीवाला बोलवावा लागतो, हे ती अनुभवातून शिकलेली आहेत. त्यात 2016 साली यूपीआय आलं, त्याच वर्षी डेटा स्वस्त झाला आणि बघता बघता भाजीच्या हातगाडीवरही क्यूआर कोड लटकू लागला. म्हणजे हातातल्या या काचेमागे आता त्यांचं पासबुकही आहे. अशा वस्तूला हात लावताना कचरणाऱ्या माणसाला मी तरी मागासलेलं म्हणणार नाही.

आणखी एक गोष्ट आपण हसण्यावारी नेतो. "माझं बोटच याला चालत नाही," असं आजी म्हणतात, ते बऱ्याचदा अक्षरशः खरं असतं. आजच्या फोनची काच दाब मोजत नाही. बोट टेकलं की तिच्यावरच्या सूक्ष्म विद्युतभारात फरक पडतो, तो ती ओळखते. वय वाढलं की त्वचा कोरडी पडते आणि अशा कोरड्या बोटाचा स्पर्श काचेला नीट कळत नाही. आजींना वाटतं, आपण हळू दाबलं. जुन्या बटणांच्या फोनची सवय, म्हणून त्या जोर लावतात आणि बोट तिथंच रोवून ठेवतात. आता फोनला वाटतं, यांना काही वेगळंच हवंय. चित्र जागचं हलतं, भलतीच पाटी उघडते, एखादं अ‍ॅप गायब होतं. "काहीतरी दाबलं गेलं!" म्हणून फोन जो कपाटावर जातो, तो नातू येईपर्यंत खाली येत नाही.

यावर उपाय अगदी साधे आहेत. नोटा मोजणारा रोखपाल करतो तसं बोट किंचित ओलसर करून नुसतं टेकवावं, हात कोरडे असतील तर थोडं क्रीम चोळावं. सेटिंगमध्ये अक्षरं मोठी करता येतात. बोट किती वेळ टेकलं म्हणजे 'दाबून धरलं' समजायचं, तो वेळही बऱ्याच फोनमध्ये वाढवता येतो. खालून-बाजूनं बोट सरकवायच्या नव्या खुणांऐवजी जुनी तीन बटणं परत आणता येतात. फोनची भाषा मराठी करायची की नाही, हे मात्र त्यांनाच विचारावं. काहींना ती सोयीची वाटते, काहींना इंग्रजी पाट्या पाहूनच सवय झालेली असते. फोन विकत आणून देणारी मुलं या गोष्टींवर दहा मिनिटंही घालवत नाहीत. कव्हर मात्र लगेच घेतात.

शिकवायची सुरुवात वीजबिलापासून तर मुळीच करू नये. आमच्या ओळखीच्या एक निवृत्त शिक्षिका मूळच्या रत्नागिरीच्या, आता पुण्यात लेकाकडे असतात. आकाशवाणीच्या न्यूज ऑन एअर या अ‍ॅपवर त्यांना रत्नागिरी केंद्र लावून दिलं, म्हणजे त्यांच्याच बोटानं लावून घेतलं. गावाकडचा आवाज घरात आल्यावर त्यांनी तो फोन कपाटावर ठेवला नाही. मग कीबोर्डवरचा माईक दाखवला. गुगलनं 2017 सालापासून मराठीत बोलून लिहायची सोय केली आहे. बाई एकेक शब्द स्पष्ट उच्चारत बोलल्या, समोर अक्षरं उमटली, आणि त्यात ऱ्हस्व-दीर्घाची चूक सापडल्यावर त्यांचा चेहरा जो खुलला! चूक दुरुस्त करायची म्हणून त्या टायपिंग शिकल्या. असा अभ्यासक्रम आपल्याला कधी सुचला नसता.

कामाच्या गोष्टी त्यानंतर. दर नोव्हेंबरात निवृत्तिवेतनधारकांना हयातीचा दाखला द्यावा लागतो. 2014 साली सुरू झालेल्या 'जीवन प्रमाण' या डिजिटल सोयीमुळे तो घरून देता येतो. आधी त्यासाठी बहुतेकदा बोटाचा ठसा लागायचा आणि झिजलेली बोटं तिथंही दगा द्यायची. 2021 पासून चेहरा दाखवूनही काम होतं. डोळ्यांची उघडझाप केली की फोनची खात्री पटते, की माणूस आहे.

फसवणुकीचं काय? "कशालाच हात लावू नका" हा सल्ला देऊन आपण मोकळे होतो. त्यापेक्षा नेमकं सांगावं. पिन पैसे देताना लागतो, घेताना कधीच नाही. व्हिडिओ कॉलवर कुणाला अटक होत नाही, तशी तरतूदच कायद्यात नाही. गफलत झालीच तर लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन करायचा, लाजायचं नाही. आणि शेजारी बसून एकमेकांना एकेक रुपया पाठवून बघायचं. रुपयाच्या व्यवहारात हात मोकळा होतो. शिवाय कचरणारा माणूस विचारून करतो, हा त्याचा गुणच. "मला सगळं येतं" म्हणणारे चिरंजीवही फसतात, फक्त ते घरी सांगत नाहीत.

हे सगळं शिकवताना आपले हात पाठीमागे बांधून ठेवणं सर्वांत अवघड. बाबा तीनदा चुकीच्या ठिकाणी जातात, परततात, चष्मा पुसतात, आणि आपली बोटं शिवशिवत असतात. जाऊ द्यावं त्यांना. शिकलेल्या माणसाचा फोन पुढे आपल्या पसंतीचा राहत नाही, याचीही तयारी ठेवावी. अक्षरं एवढी मोठी, की बसमध्ये मागच्या बाकावरूनही वाचता येतील. पडद्यावर पांडुरंग. पहाटे पाचला सुविचार, त्यातही दोन आपल्याला न पटणारे. आणि एखाद्या दुपारी बँकेचा निरोप आपल्याला आला, तो कुठं गेला म्हणून आपण शोधत बसलो, की शेजारून आवाज येतो, "दे इकडे."