स्लॅब टाकल्यावर कसली सुरक्षा?

भर सुभाष रोडवर, गर्दीच्या धक्क्यात, तू हा नकाशा माझ्यापुढे उलगडलास आणि म्हणालास, "सर, नव्या लॅबचं सगळं फायनल झालं, फक्त सेफ्टी ऑफिसरची सही राहिलीय." फक्त? ये इकडे, या दुकानाच्या पायरीवर बस. लोक बघतायत? बघू देत. विभागप्रमुख झालास म्हणून तुझा कान धरायचा माझा हक्क संपलेला नाही.

आर्किटेक्ट आला, कंत्राटदार आला, फर्निचरवालासुद्धा येऊन गेला. आणि ज्याला या इमारतीत पोरं जिवंत ठेवायची आहेत, त्याला बोलावणं शेवटी! अक्षता पडल्यावर पत्रिका जुळवायला बसलात तुम्ही.

आता हिशेब कर, बी.एस्सी.ला शिकवलाय. विषारी वाफा ओढून बाहेर टाकणारे आठ फ्यूम हूड दाखवलेस. एकेक दीड मीटर रुंद, काच अर्धा मीटर उघडी, हवेचा वेग सेकंदाला अर्धा मीटर. एक हूड तासाला १,३५० घनमीटर हवा ओढतो, आठ मिळून १०,८००. तुझी खोली १० बाय ८, उंची साडेतीन मीटर. म्हणजे २८० घनमीटर. खोलीतली सगळी हवा तासाला ३८ वेळा बाहेर जाणार. तेवढीच आत येणार कुठून? दाखव बोट ठेवून. नाही ना दाखवता येत? मग हूडचा ओढा मरणार, बाहेर उघडणारं दार हवेनंच ओढून धरलं जाणार. वरच्या मजल्यांतून डक्ट न्यायला जागा सोडलेली नाही. स्लॅब टाकल्यावर काय, बीम फोडणार?

या हूडांची चिमणी पश्चिमेला, हॉस्टेल पूर्वेला. धारवाडात पावसाळ्यात वारा कुठून येतो, हे तुला मी सांगायचं?

बंगळूरला भारतीय विज्ञान संस्थेत ५ डिसेंबर २०१८ ला हायड्रोजनच्या सिलिंडरचा स्फोट झाला. एक संशोधक गेला, तिघे जखमी झाले. तू पेपरात वाचलं असशील, हळहळला असशील. आणि तुझ्या नकाशात हायड्रोजन कुठे? खोलीच्या कोपऱ्यात, वर फॉल्स सीलिंग! गळाला तर वर चढून त्याच पोकळीत साठणार, आणि दिव्यांच्या वायरीही तिथूनच नेल्यास. सिलिंडरची कोठडी इमारतीबाहेर हवी, तिथून आत नळी. ती जागा आजच राखायची असते. नंतर तिथे तुम्ही स्कूटर स्टँड बांधता.

शॉवर दाखवलायस, शाबास. खाली निचऱ्याची जाळी कुठाय? अंगावर ॲसिड सांडलं तर मिनिटाला ७५ लिटर पाणी, सलग १५ मिनिटं. म्हणजे ११०० लिटरांच्या वर. त्यासाठी गच्चीवर वेगळी टाकी आहे? मलप्रभेचं पाणी आपल्या नळाला रोज येत नाही, हे तुझ्या आर्किटेक्टला कुणी सांगितलं का?

"सर, आता बदल केला तर खर्च वाढेल." वाढेलच. पहिल्या बैठकीला त्या माणसासाठी एक खुर्ची जास्त मांडली असतीस, तर चहापुरताच वाढला असता.

सोमवारी स्लॅब आहे म्हणालास ना? कंत्राटदाराला आत्ता फोन लाव, माझ्यासमोर, आणि तो थांबव. मग सेफ्टी ऑफिसरला लाव. त्याला सहीसाठी बोलावू नकोस. लाल पेन घेऊन या म्हणावं.