वडिलांचे कार्ड व मुलाचे ऋण

घरातील कर्ता निवर्तला, आणि तेराव्याच्या आतच क्रेडिट कार्डाच्या थकबाकीसाठी विधवेस दूरध्वनी येऊ लागले. असे प्रसंग आता सिटी सेंटरमधील आपल्या कुटुंबांस अपरिचित राहिलेले नाहीत. अशा वेळी वडील ऋणात अडकले, या भीतीने मुलगा व्याकूळ होतो.

स्मृतिकारांनी पित्याचे ऋण पुत्राने सव्याज फेडावे, आजोबांचे नातवाने केवळ मुद्दल द्यावे, असे सांगितले. द्यूत व मद्य यांपायी झालेले ऋण मात्र वगळले. मुंबई इलाख्यात तर वारशाने दमडी मिळाली नसली तरी पुत्र बांधील धरला जाई. 1866 च्या कायद्याने ते दायित्व मिळालेल्या मालमत्तेपुरते मर्यादित केले. हिंदू उत्तराधिकार कायद्यातील 2005 च्या दुरुस्तीनंतर घेतलेल्या कर्जांसाठी तर हे धार्मिक कर्तव्य न्यायालय मानीतच नाही. आता धनकोची वसुली मृताने मागे ठेवलेल्या संपत्तीतूनच. कोणी स्वतः जामीन राहिला असल्यास गोष्ट वेगळी.

मग धर्मबुद्धीचे काय? शेजाऱ्याने घराच्या शब्दावर बिनव्याजी पैसे दिले असतील, तर कायदा काहीही म्हणो, ते मुलाने द्यावेत असे आम्हांस वाटते. कार्डाचे तसे नाही. बँकेने एका माणसाची मिळकत पाहून तारणावाचून पैसा दिला; बुडिताचा धोका तिने जबर व्याजात आधीच मोजलेला असतो. त्यासाठी विधवेने स्त्रीधन मोडावे, हे कोणत्या स्मृतीत आहे?

परंतु वडिलांच्या खात्यातील रक्कम घाईघाईने काढून ‘काहीच उरले नाही’ म्हणणे, हेही आम्हांस तितकेच निंद्य वाटते. बँकेस मृत्यूचा दाखला द्यावा, येणे लेखी मागावे, आणि मगच भावंडांनी वाटणीस बसावे.