न बोलणाऱ्याचे देणे

जो तक्रार करतो त्याचे आपण काही देणे लागतो, हे जगात सर्वांना मान्य आहे. महिनाअखेरीस दाराशी उभा राहणारा दूधवाला, पगार थकला म्हणून कुरकुरणारी मोलकरीण, पावसाळ्यात गळणारे छप्पर ही सारी आपापले देणे बोलून वसूल करतात. प्रश्न उरतो तो न बोलणाऱ्याचा. जो कधी काही मागत नाही, त्याचेही आपण देणे लागतो काय? फराळाचे ताट पुढ्यात असताना असला प्रश्न काढणे काहींना अरसिकपणाचे वाटेल. परंतु मला वाटते, त्याला दिवाळीइतका योग्य मुहूर्त दुसरा नाही. कारण ज्या अबोल सेवकाविषयी मला बोलावयाचे आहे, त्याला या चार दिवसांत अनारसे, चिरोटे आणि शंकरपाळ्यांपायी वर्षातले सर्वांत अधिक राबावे लागते. तो सेवक म्हणजे उजव्या बरगड्यांच्या आड बसलेले आपले यकृत.

मी डॉक्टर नव्हे. माझे शिक्षण मॅट्रिकपाशी थांबले. पुढे जे शिकलो ते मुलांना शिकवताना आणि कादंबऱ्या लिहिताना. पण मास्तरकीने एक गोष्ट मला पक्की शिकवली आहे. दंगा करणाऱ्या मुलाकडे मास्तरांचे लक्ष आपोआप जाते. शेवटच्या बाकावर गप्प बसणाऱ्याचे काय बिघडले आहे, ते कळते निकालाच्या दिवशी. शरीराच्या वर्गातही हाच प्रकार आहे. दात, डोके, पोट ही दंगेखोर मुले. दाढ दुखू लागली की रात्री दोन वाजता सारे घर जागे होते. यकृत मात्र शेवटच्या बाकावरचे. शरीराच्या आतला हा सर्वांत मोठा अवयव, वजनाने दीड किलोच्या आसपास. पण त्याच्या गाभ्यात वेदना सांगणाऱ्या नसाच नाहीत. ज्या आहेत त्या वरच्या पातळ आवरणात. म्हणून आत काय साचते आहे याची वर्दी बाहेर येत नाही.

आणि साचते ते काय? यकृत हे शरीराचे कोठीघर आहे. आपण खातो त्या अन्नातला बराचसा माल आतड्यांकडून प्रथम तिथे येतो. या मालाचे मोठे गिऱ्हाईक म्हणजे आपले स्नायू. हातपाय राबत असले की ते रक्तातली साखर उचलत राहतात आणि कोठीघर मोकळे राहते. माणूस दिवसभर खुर्चीत बसला की गिऱ्हाईक येत नाही. माल मात्र रोज येतच असतो. मग यकृत बिचारे त्याची चरबी करून आपल्याच पोटात भरून ठेवते. ही चरबी यकृताच्या ५ टक्क्यांवर गेली की डॉक्टर तिला फॅटी लिव्हर म्हणतात. दारूच्या थेंबाला न शिवलेल्या माणसालाही हे होते, आणि अंगाने सडपातळ दिसणाऱ्यालाही. २०२३ साली जगातल्या तज्ज्ञांनी या विकाराचे जुने नाव बदलले आणि शरीरातल्या चयापचयाच्या बिघाडाशी त्याचे नाते नावातच बांधून टाकले. पुष्कळांच्या बाबतीत गोष्ट चरबीवरच थांबते. पण काहींच्या यकृताला सूज येते, सुजेमागून वण येतात, आणि कित्येक वर्षांनी ते दगडासारखे कठीण होते. त्यालाच सिरॉसिस म्हणतात. अबोल मुलगा बोलतो तो तेव्हा.

आमच्या छत्रपती संभाजीनगरात राहणाऱ्याला हे समजायला फारसे दूर जावे लागत नाही. मलिक अंबराने १६१० साली इथे खडकी वसवली आणि पुढे जमिनीखालून नहर खणून गावाला पाणी दिले. त्यामागून आणखीही नहरी झाल्या. पाणचक्की पाहायला येणारा प्रवासी उंचावरून पडणारे पाणी पाहून खूष होतो. डोंगराकडून मातीच्या नळांतून ते आणणारी नहर त्याला दिसत नाही. न दिसणाऱ्या या नहरींवर आम्ही घरे बांधली, रस्ते केले. त्या जागोजाग फुटल्या, बुजल्या. त्यांनी तक्रार केली नाही. तक्रार आमच्या नळांनी केली, आणि तीही पुष्कळ उशिरा.

मग या अबोल सेवकाचे देणे द्यावे कसे? उपाय इतका साधा आहे की सांगताना संकोच वाटतो. चालावे. जागतिक आरोग्य संघटना प्रौढ माणसाला आठवड्यातून निदान १५० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम सांगते. म्हणजे पाच दिवस रोज अर्धा तास, बोलता येईल पण गाणे म्हणता येणार नाही अशा वेगाने. जोर-बैठका काढल्या, वजने उचलली तरी चालते. आपल्या जुन्या वैद्यांना हे ठाऊक होते. प्रमेह हा आजच्या मधुमेहाच्या कुळातला रोग, आणि फॅटी लिव्हर हा मधुमेहाचा अगदी सख्खा शेजारी. प्रमेहाच्या निर्धन रोग्याला सुश्रुत सांगतो की अनवाणी, छत्रीवाचून, एका गावी एकच रात्र राहून, भिक्षेवर निर्वाह करीत शंभर योजने चाल. नाही तर विहीर खण.

या व्यायामाची एक गंमत आहे, आणि माझ्या मते सारा नैतिक प्रश्न तिच्यातच आहे. नियमाने व्यायाम केला तर वजनाचा काटा जागचा हलला नाही तरी यकृतातली चरबी कमी होते. म्हणजे काटा शाबासकी देत नाही, आरसा देत नाही, शेजारी देत नाहीत. पहाटे हिमायतबागेत किंवा गोगाबाबाच्या टेकडीवर माणसे भेटतात. दंड कमावणाऱ्याला आपला दंड दिसतो. यकृतासाठी चालणाऱ्याला काहीच दिसत नाही. मागे दुखण्याचा चाबूक नाही, पुढे कौतुकाची फुले नाहीत. जे कोणी मागत नाही आणि कोणी पाहत नाही ते करणे, यालाच मी कर्तव्य म्हणतो. बाकी पुष्कळसा व्यवहार असतो.

यावर कर्ता पुरुष म्हणतो, "मास्तर, वेळ कोठून आणू? वाळूजला पाळी, घरी आल्यावर मुलांचा अभ्यास, कर्जाचे हप्ते. मी घरासाठीच झिजतो आहे ना?" हे उत्तर मी टाकाऊ मानीत नाही, त्यात खरे प्रेम आहे. पण या झिजण्याचे बिल अखेर कोणाच्या नावे फाटते ते पाहावे. यकृत निकामी झाले तर उरतो उपाय प्रत्यारोपणाचा. आपल्या देशात ही यकृते बहुतांशी जिवंत दात्यांकडून येतात. १९९४ च्या अवयव प्रत्यारोपण कायद्यात 'जवळचे नातेवाईक' कोण याची यादी आहे. पती-पत्नी, मुलगा, मुलगी, आई, वडील, भाऊ, बहीण. २०११ च्या दुरुस्तीने त्यात आजी-आजोबा आणि नातवंडे आली. वाचकहो, ही यादी एकदा सावकाश वाचा. दिवाळीच्या पंगतीला पाटावर बसणारी हीच माणसे नव्हेत काय? आणि देणाऱ्यांत बायका अधिक, घेणाऱ्यांत पुरुष अधिक, हे आपल्याकडचे चित्र आहे. दात्याचे उरलेले यकृत काही महिन्यांत पुन्हा जवळजवळ पूर्ववत वाढते, ही निसर्गाची मोठी कृपा. परंतु पोटावरचा तो व्रण, ती जोखीम आणि शस्त्रक्रियागृहाबाहेर काढलेले ते तास परत वाढून येत नाहीत. शरीर माझे आहे, मी त्याचे काय वाटेल ते करीन, असे म्हणणाऱ्याने आपल्या शरीराचे जामीन कोण आहेत ते आधी पाहावे.

इथे एक सावधगिरी हवी. या विचाराची काठी करून आजाऱ्याला मारू नये. यकृत बिघडते ते हेपॅटायटिस बी आणि सी यांच्या विषाणूंनी, कधी रक्तातून आलेल्या वारशाने. त्यात त्या माणसाचा अपराध नसतो. दिवसभर डोक्यावर विटा वाहणाऱ्या मजुराला व्यायामाचा उपदेश करणे तर निव्वळ उद्धटपणा होय. त्याला हवी आहे ती विश्रांती आणि पोटभर चौरस अन्न. उलट, सकाळी टेकडी चढलो म्हणून रात्रीचा पेला माफ झाला, असा हिशेबही कोणी मांडू नये. दारूचे खाते वेगळे. ते चालण्याने फिटत नाही. आणि ज्याचे दुखणे आधीच जडलेले आहे त्याने डॉक्टरांना विचारूनच पाऊल उचलावे.

हे सारे सांगून मी कोणाच्या ताटातला अनारसा काढून घेऊ इच्छीत नाही. गृहिणीने रात्र जागवून केलेले फराळाचे नाकारणे हेही देणे बुडवणेच आहे. माझे म्हणणे एवढेच की, या दिवसांत व्यापारी नव्या वह्या पूजतात आणि देण्याघेण्याची नवी पाने उघडतात. घरातल्या पुरुषांनीही एक पान उघडावे आणि ज्याने आजवर एकदाही तगादा लावला नाही त्याच्या नावे रोजचा अर्धा तास लिहावा. अभ्यंगस्नानासाठी आपण पहाटे उठतोच. भाऊबीज सरल्यावरही तसेच उठावे आणि पायांत चपला घालून दाराबाहेर पडावे. शक्य तर पत्नीला बरोबर घेऊन, कारण यकृत तिलाही आहे आणि तेही बोलत नाही.